कावेरीच्या भातशेतीत बिबट्या : जुन्नरच्या अनुभवाचा अर्थ

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराच्या पूर्वेला, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आडुतुरै हे गाव वसले आहे. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे हा मुलूख मराठी वाचकांना अपरिचित नाही. १९२२ साली येथे भातसंशोधन केंद्र सुरू झाले आणि तेव्हापासून हे गाव भाताच्या वाणांसाठी ओळखले जाते. चहूबाजूंना भातखाचरे, कालवे, केळीच्या बागा, देवळांची गोपुरे आणि एकमेकांना जवळजवळ चिकटून असलेली गावे, असे येथील दृश्य आहे. जंगल म्हणावे असे काही या परिसरात नाही. अशा या प्रदेशात, आडुतुरैपासून रेल्वेने सुमारे वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर असलेल्या मयिलाडुतुरै शहरात एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात बिबट्या दिसला, तेव्हा साऱ्या त्रिभुज प्रदेशात खळबळ उडाली.

शहरातील वस्तीत लावलेल्या कॅमेऱ्यात या प्राण्याची हालचाल टिपली गेली. वनविभागाने पायांचे ठसे तपासले, ठिकठिकाणी स्वयंचलित कॅमेरे व पिंजरे लावले. काही शाळांना सुट्टी देण्यात आली. १९ एप्रिल रोजी होणाऱ्या लोकसभा मतदानाच्या प्रचाराचा तो काळ होता. प्रचारसभांच्या गर्दीत बिबट्याचीच चर्चा अधिक रंगू लागली. शोधाचा रोख लवकरच आडुतुरै आणि मयिलाडुतुरै यांच्या दरम्यान असलेल्या कुत्तालम परिसराकडे वळला आणि त्यानंतर काही दिवसांनी उत्तरेकडील अरियलूर जिल्ह्यात सेंदुरै येथे बिबट्या दिसल्याची नोंद झाली.

तमिळ भाषेत बिबट्याला ‘चिरुत्तै’ म्हणतात. हा शब्द निलगिरी किंवा वालपारै येथील चहामळ्यांत नित्याचा आहे. मात्र कावेरीच्या मुखाकडील भागात तो भीतीसह, एखाद्या परक्या पाहुण्याचे नाव असावे तसा उच्चारला गेला. ‘जंगल नसताना बिबट्या आला कुठून’ हा तेथील लोकांचा पहिला प्रश्न होता. महाराष्ट्रात जुन्नर, अकोले, संगमनेर, निफाड या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी हाच प्रश्न कित्येक वर्षांपूर्वी विचारला होता. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्राने मोठी किंमत मोजली आहे. म्हणूनच त्या उत्तराचा विचार आडुतुरैसारख्या गावांसाठीही महत्त्वाचा ठरतो.

जंगलाची व्याख्या बिबट्याला मान्य नाही

वाघ आणि सिंह यांच्या तुलनेत बिबट्या हा मार्जार कुळातील सर्वांत लवचीक स्वभावाचा मोठा प्राणी आहे. त्याला विस्तीर्ण अरण्याची अट नाही. दिवसा अंग लपवता येईल एवढा आडोसा, प्यायला पाणी आणि रात्री मिळेल ते भक्ष्य एवढ्यावर त्याचे भागते. हरणापासून उंदरापर्यंत, माकडापासून पक्ष्यांपर्यंत काहीही तो खाऊ शकतो. प्रौढ नराचे वजन साधारणपणे ५० ते ७० किलो असते, मादी त्याहून बरीच लहान असते. आपल्याएवढे किंवा त्याहून लहान जनावर पकडणे त्याला सोयीचे जाते. शेळी, वासरू आणि कुत्रा हे प्राणी या मापात नेमके बसतात.

बिबट्या एकटा राहतो. प्रत्येक प्रौढ नर-मादीचे आपले क्षेत्र ठरलेले असते. झाडांवरील ओरखडे, मूत्र व विष्ठा यांच्या खुणांनी ते आपली हद्द इतरांना कळवतात. सहसा एका नराच्या क्षेत्रात एकाहून अधिक माद्यांची क्षेत्रे सामावलेली असतात. सुमारे तीन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर मादी दोन-तीन पिल्लांना जन्म देते आणि दीड ते दोन वर्षे त्यांना बरोबर घेऊन शिकार शिकवते. त्यानंतर पिल्लांना आईचे क्षेत्र सोडावे लागते. तरुण नरांना तर जुन्या नरांच्या धाकाने दूरवर भटकावे लागते. हा प्रवास बहुधा रात्री होतो आणि नदीकाठची झुडपे, ओढे, कालव्यांच्या कडा हे त्याचे मार्ग असतात. मधे गाव आले तर ते ओलांडले जाते. प्रवासी बिबट्याचा गावाशी असलेला संबंध बहुतेक वेळा तेवढाच असतो.

हे लक्षात घेतले तर मयिलाडुतुरैची घटना कमी गूढ वाटते. कावेरीच्या प्रदेशातील सांबा हंगामाचे भात जानेवारी-फेब्रुवारीत कापले जाते. एप्रिलमध्ये खाचरांत उडीद-मुगासारखी बुटकी कडधान्ये असतात किंवा जमीन मोकळी असते. बिबट्यासारख्या प्राण्याला तेथे दडायला जागा नसते. त्याला नदीकाठची झाडी, बांबूची बेटे, केळीच्या बागा आणि तुरळक उसाचे फड यांच्या आधाराने पुढे सरकावे लागते. म्हणूनच तो एका जागी न थांबता सतत हलत राहिला, तर त्यात आश्चर्य नाही. भाताच्या प्रदेशात बिबट्या वाटसरू असतो. उसाच्या प्रदेशात मात्र तो रहिवासी होतो. जुन्नरची कथा येथूनच सुरू होते.

उसाच्या फडातील पिढ्या

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. पाणी आले आणि पाण्याबरोबर ऊस आला. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. या काळात उसात माणसाची ये-जा कमी असते, आत गारवा असतो, पाटाचे पाणी जवळ असते आणि फडाच्या कडेला शेतवस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरे असतात. बिबट मादीच्या दृष्टीने पिल्ले वाढवण्यास याहून सुरक्षित जागा शोधूनही सापडणार नाही. बिबट्यांच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या आहेत. त्यांनी डोंगरातील दाट जंगल कधी पाहिलेले नाही. ‘जंगलातून आलेला बिबट्या’ हे वर्णन त्यांना लागूच पडत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू झाला की हा आडोसा एकाएकी नाहीसा होऊ लागतो. तोडणी चालू असताना फडात पिल्ले सापडतात. ती उचलून नेली तर बिथरलेली मादी परिसरात फिरत राहते. पिल्ले त्याच जागी सुरक्षितपणे ठेवून मादीला रात्री ती नेऊ देणे, ही पद्धत वनविभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या पशुवैद्यकांनी अनेकदा यशस्वी केली आहे. मात्र त्या वेळी फडाच्या कडेला कोपीत राहणारे ऊसतोड कामगार आणि त्यांची मुले हे या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत असुरक्षित घटक असतात, याचा विसर पडता कामा नये. त्यांच्या झोपड्यांना दार नसते, शौचालय नसते आणि बऱ्याचदा दिवाही नसतो.

पकडा आणि सोडा : एक महागडा धडा

२००१ च्या सुमारास जुन्नर परिसरात बिबट्यांना पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. हेतू चांगला होता. प्राण्याचा जीव वाचावा आणि गावाची भीती जावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटे घडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात या परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतराच्या मोहिमेनंतर, २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली.

या वाढीची कारणे बिबट्याच्या स्वभावात दडलेली आहेत. पकडताना आणि हलवताना प्राण्यावर प्रचंड ताण येतो. अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या तेथील निवासी बिबट्यांच्या हद्दीत उपरा ठरतो. तो परतीचा मार्ग शोधतो आणि त्या वाटेवर अनोळखी माणसांच्या वस्त्या येतात. इकडे त्याची मोकळी झालेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. शेजारचा किंवा भटकणारा तरुण बिबट्या ती व्यापतो. परिणामी पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, तर एका गावाचा प्रश्न दोन गावांचा होतो.

या परतीच्या ओढीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘आजोबा’ या बिबट्याचे आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी संपर्क साधणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर अंतर पायी कापून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत लोहमार्ग, महामार्ग, वसाहती होत्या. त्याने कोणालाही इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही आला. माणसांच्या गर्दीतून बिबट्या किती निःशब्दपणे जाऊ शकतो, हे या एका प्रवासाने दाखवून दिले.

मुंबईत २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांनी कळस गाठला होता. त्यानंतर सरसकट पिंजरे लावणे हळूहळू थांबवण्यात आले, उद्यानाभोवतीच्या वस्त्यांत जनजागृतीला प्रारंभ झाला आणि कचरा व भटकी कुत्री यांच्याकडे लक्ष वेधले गेले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडू नये आणि पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडू नये, यावर भर देण्यात आला.

अकोल्याचे निष्कर्ष

नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) अकोले परिसरातील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. तरसांची संख्याही जवळपास तेवढीच होती. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक अभ्यासात असे दिसून आले की, तेथील बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा असून एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आहे. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असूनही त्यांचे प्रमाण अवघे ११ टक्के होते. शेळ्यांची राखण होते, त्या रात्री गोठ्यात कोंडल्या जातात. कुत्री मात्र उकिरड्यावर मोकळी फिरतात. एवढ्या साध्या फरकावर बिबट्याचा आहार ठरत होता.

उपग्रह पट्टे लावलेल्या बिबट्यांच्या नोंदींतून आणखी एक बाब स्पष्ट झाली. बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळून जात, मात्र माणसे घरात असताना. पहाट होण्यापूर्वी ते वस्तीपासून दूर सरकत. माणसाच्या दिनक्रमाचा बिबट्याने केलेला हा अभ्यास म्हणावा लागेल. सह्याद्रीच्या उत्तर भागातील वारली समाजाने या शेजाऱ्याला वाघोबा म्हणून देवत्व दिले आहे. वर्षातून एकदा त्याची पूजा होते आणि त्याने गुराढोरांना सांभाळून असावे, अशी विनवणी केली जाते. ही श्रद्धा भीती नाहीशी करत नाही. शेजार टाळता येणार नाही, हे ती मान्य करते.

शेजाराची दुसरी बाजू

असे असले तरी सहजीवनाच्या चर्चेत एक धोका असतो. ती सहसा शहरात होते आणि तिची किंमत मात्र शेतवस्तीवर मोजली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा मृत्यू झाला. त्यांत पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा यांचा समावेश होता. संतप्त ग्रामस्थांनी वनविभागाचे वाहन जाळले, पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. ४ नोव्हेंबरच्या रात्री एका बिबट्याला गोळी घालून ठार करण्यात आले. ज्या घरातील मूल अंगणातून उचलले गेले, त्या घराला बिबट्याचा लाजाळू स्वभाव समजावून सांगणे व्यर्थ आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे. मात्र माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाने पकडण्याची आणि अपरिहार्य झाल्यास मारण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ही तरतूद वेळेवर वापरली जाणे आवश्यक आहे. ती वापरण्यास उशीर झाला की लोकांचा राग एका प्राण्यापुरता न राहता साऱ्या बिबट्यांवर आणि वनकर्मचाऱ्यांवर निघतो. महाराष्ट्र शासनाने मृतांच्या वारसांना मिळणारी मदत २०२३ मध्ये २५ लाख रुपये केली. ही रक्कम गरजेची असली, तरी ती संरक्षणाला पर्याय ठरू शकत नाही.

पिंपरखेडच्या घटनांनंतर निर्बीजीकरणाचा मुद्दा पुढे आला. केंद्राने जुन्नर परिसरातील पाच बिबट्यांवर प्रायोगिक तत्त्वावर ही प्रक्रिया करण्यास मान्यता दिली. या उपायाची मर्यादा उघड आहे. निर्बीज केलेला बिबट्याही शिकार करतोच, आणि संख्येवर परिणाम दिसायला वर्षे लागतात. शिवाय किती बिबट्यांवर ही शस्त्रक्रिया केली म्हणजे परिणाम होईल, हे ठरवण्यासाठी मुळात त्यांची एकूण संख्या ठाऊक असावी लागते.

नेमकी तीच अडचण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,८७४ बिबटे असावेत, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये हा आकडा १२,८५२ होता. याच काळात महाराष्ट्रातील अंदाज १,६९० वरून १,९८५ वर, तर तमिळनाडूतील ८६८ वरून १,०७० वर गेला. परंतु ही गणना प्रामुख्याने वाघांच्या गणनेबरोबर वनक्षेत्रांत झाली असून तिच्यात बिबट्याच्या अधिवासाचा सुमारे ७० टक्के भाग आला आहे. उसाच्या फडात राहणारे बिबटे तिच्यात पुरेसे मोजले गेलेले नाहीत. म्हणजे माणसाशी ज्यांचा सर्वाधिक संबंध येतो, त्यांच्याविषयीच सर्वांत कमी माहिती आहे. शेतीप्रदेशातील स्वतंत्र गणना हे म्हणूनच धोरणाचे पहिले पाऊल असायला हवे.

आडुतुरैने काय शिकावे

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची स्थिती जुन्नरसारखी नाही. तेथील भूमी प्रामुख्याने भाताची आहे आणि एप्रिल २०२४ मधील घटना एका भटक्या प्राण्यापुरती होती. मात्र बिबट्यांची संख्या वाढत असेल आणि तरुण बिबट्यांना नव्या जागा शोधाव्या लागत असतील, तर अशा घटना पुन्हा घडू शकतात. त्या वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत काय केले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

जुन्नरच्या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वाटसरू बिबट्याला वाट मोकळी ठेवावी. त्याच्यामागे जमाव धावला तर तो बंदिस्त जागेत शिरतो आणि मग जखमी होतो किंवा जखमी करतो. अशा प्रसंगी वनविभागाएवढीच पोलिसांची आवश्यकता असते, ती बिबट्यासाठी नव्हे तर गर्दीसाठी. दुसरी, संध्याकाळनंतर लहान मुलांना एकटे बाहेर न सोडणे, शेळ्या भक्कम गोठ्यात बांधणे, उघड्यावर झोपणे टाळणे आणि कचऱ्याचे ढीग हटवणे या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी पिंजऱ्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात. तिसरी, या सूचना पाळता येतील अशी परिस्थिती निर्माण करणे ही शासनाची जबाबदारी आहे. रात्रीची वीज मिळत असेल तर शेतकऱ्याला रात्रीच पाणी द्यायला जावे लागते. त्याला ‘अंधारात शेतात जाऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नाही. बिबटप्रवण तालुक्यांतून दिवसा वीज मिळावी ही मागणी सातत्याने होते, त्यामागे हेच कारण आहे. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना वीज खात्याची असली, तरी ती अशा तालुक्यांत प्राधान्याने राबवल्यास जीव वाचवणारी ठरू शकते. घरात शौचालय, वस्तीवर दिवा आणि शाळेपर्यंत सुरक्षित वाहन यांनाही हेच लागू आहे.

बिबट्याने माणसाच्या दिनक्रमाशी जुळवून घेतले आहे. तो कोणत्या वेळी बाहेर पडतो, कोठे थांबतो आणि कशाला टाळतो, याविषयी आता पुरेसे ज्ञान उपलब्ध आहे. त्या ज्ञानाचा उपयोग वीज, आरोग्य, साखर कारखाने आणि शिक्षण या खात्यांच्या निर्णयांत होत नाही, तोवर हा प्रश्न वनविभागाच्या पिंजऱ्यातच अडकून राहील. मयिलाडुतुरैचा बिबट्या पुढे निघून गेला आणि आडुतुरैची रात्र पुन्हा पूर्वीसारखी झाली. पिंपरखेडच्या शेतकऱ्याला मात्र आजही पाण्याची पाळी आली की हातात विजेरी घेऊन उसाच्या कडेने जावे लागते.